गड, जलाशय आणि शर्यती

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर दृष्टी टाकली असता दोन गोष्टी सहज ध्यानात येतात. अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे पुसद, उमरखेडच्या बाजूने जिल्ह्यात उतरले आहेत, आणि दक्षिण सीमेवरून पैनगंगा वळणे घेत वाहत आहे. पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या नद्या धरणांनी अडविल्यामुळे व इसापूर येथे पैनगंगेचे पाणी साठल्यामुळे टेकड्यांच्या पायथ्याशी विस्तीर्ण जलाशय झाले आहेत. डोंगर आणि पाणी यांचे असे शेजार जेथे असते, तेथे जगात गेल्या काही दशकांत एक नवा क्रीडाप्रकार उदयास आला आहे. यवतमाळात तो अद्याप रुजलेला नाही. महाराष्ट्रात त्याचे खरे घर म्हणजे पुण्याजवळील खडकवासला, सिंहगड व पानशेत यांचा परिसर होय. त्या परिसराचा शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास यवतमाळकरांनीही जाणून घ्यावा असा आहे. कारण डोंगर कोणाचा, पाणी कोणाचे आणि त्यांवरील खेळात स्थान कोणाला, हा प्रश्न त्या इतिहासातून वारंवार डोके वर काढतो.

प्रथम या खेळाचे स्वरूप पाहू. एका शर्यतीत एकाच प्रकारचे कौशल्य पणास लावावयाचे, ही जुनी रीत. नव्या शर्यतीत स्पर्धकाने काही अंतर धावावयाचे, काही सायकलवरून तोडावयाचे, काही पोहून किंवा होडी वल्हवून पार करावयाचे असते. १९७८ साली हवाई बेटात पोहणे, सायकल व धावणे अशी तिहेरी शर्यत झाली, तीत ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून वर संपूर्ण मॅरेथॉन धावावयाची होती. १९८३ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन जडकिन्स यांनी दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे २४३ किलोमीटर अंतराची शर्यत सुरू केली. डोंगरातील धाव, सायकल आणि नदीच्या प्रवाहातील लहान होडी अशी तिची अंगे होती. १९८९ मध्ये त्याच देशात फ्रेंच संयोजकांनी अनेक दिवस चालणारी सांघिक शर्यत भरविली. तिहेरी शर्यतीला २००० सालच्या सिडने येथील ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. अशा रीतीने खेळाचे नियम व नाव ही परदेशात घडली. ज्या अंगबळावर व सवयींवर तो उभा आहे, त्या मात्र मावळच्या मातीत फार पूर्वीपासून होत्या.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर उंच आहे. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी रात्रीच्या अंधारात या गडाचा कडा चढून तो घेतला व त्या लढाईत तानाजी पडले, हे सर्वश्रुत आहे. तथापि एका रात्रीच्या पराक्रमामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे चालणे होते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. गडावर धान्य, चारा, सरपण वाहून नेणारे, घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारे आणि पत्रे घेऊन अहोरात्र धावणारे जासूद व हरकारे यांना वाटेचा चढ, खडकाचा भरवसा आणि पावसाळी ओढ्याचा ओढ यांचे ज्ञान रोजच्या श्रमातूनच मिळत असे. त्यांच्या दृष्टीने तो खेळ नव्हता, उपजीविका होती.

या गडाच्या पायथ्याशी जे पाणी आज पसरलेले दिसते, ते निसर्गाने दिलेले सरोवर नव्हे. मुठा नदीवर खडकवासला येथे १८६९ मध्ये दगडी धरणाचे काम सुरू झाले व पुढील दशकाच्या अखेरीस ते पुरे झाले. पुणे शहर, लष्करी छावण्या व कालव्याखालील शेती यांना पाणी पुरविणे हा त्याचा हेतू. कर्नल फाइफ या अभियंत्यावरून त्यास ‘लेक फाइफ’ म्हणत. १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या कल्पनेची स्वयंचलित दारे येथेच बसविली. पाणी ठराविक पातळीवर चढले की ती आपोआप उघडत व पूर ओसरला की मिटत. त्यामुळे भिंतीची उंची न वाढविता अधिक साठा करणे शक्य झाले. डोंगर व तलाव यांचा जो देखावा आज पाहणाऱ्यास स्वाभाविक वाटतो, तो असा अभियंत्यांच्या बुद्धीने व मजुरांच्या हातांनी घडविलेला आहे.

याच सुमारास पुण्यात संघटित खेळांना आरंभ झाला. १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला व सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले. १९१९ च्या सुमारास जिमखान्याने मैदानी शर्यती भरविल्या. त्यांची हकीकत टाटांनी १९२९ मध्ये ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात दिली आहे. स्पर्धक बहुतेक शेतकरी कुटुंबांतील तरुण होते, साध्या अन्नावर वाढलेले होते आणि आधुनिक शिक्षणाचा वा नियमांचा त्यांना गंध नव्हता. तरीही त्यांपैकी काहींनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगा होता, असे टाटांनी नमूद केले आहे. मुख्य आकर्षण होते सुमारे २५ मैलांची दौड. खडबडीत रस्त्यावरून हे तरुण अनवाणीच धावले. समारंभास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड उपस्थित होते, आणि तेथूनच हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याच्या विचारास चालना मिळाली.

१९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे जो लहानसा संघ गेला, त्यात चार धावपटू व दोन कुस्तीगीर होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये धावले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे नेहमीच्या मॅरेथॉनहून अधिक होते. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटांच्या आसपास वेळ घेऊन १९ वा क्रमांक मिळविला. आज या घटनेचा उल्लेख बहुधा हिंदुस्थानच्या ऑलिंपिक प्रवेशाच्या संदर्भात होतो. तिचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या दिवशी खेळाचे मैदान खेड्यातील तरुणास खुले झाले, त्या दिवशी त्याचे रोजचे चालणे-धावणे जगाच्या मापाने मोजले गेले व ते उणे ठरले नाही.

पाण्यावरील खेळांचा मार्ग निराळा होता. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ मध्ये स्थापन झाला. तो युरोपीय अधिकाऱ्यांच्या करमणुकीचा होता. १९२८ साली अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब सुरू झाला आणि वल्हे एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या हाती आले. संगमाजवळच्या पाण्यात दरवर्षी होणारी त्यांची ‘रेगाटा’ हा पुणेकरांच्या कौतुकाचा विषय झाला. परंतु नदीकाठच्या कोळ्याची होडी आणि महाविद्यालयाची होडी एकाच शर्यतीत उतरल्या नाहीत. धावण्याच्या शर्यतीत जे घडले, ते वल्हविण्याच्या शर्यतीत घडले नाही.

जलाशयांच्या इतिहासाला दुःखाची किनार आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. मुळशी येथे वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ पासून मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. धरण थांबले नाही. गावे व भातखाचरे पाण्याखाली गेली. पुढे १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले. त्याचे पाणी खडकवासल्यावर कोसळून तेही जुने धरण भंगले आणि पुण्याचा नदीकाठचा भाग महापुरात बुडाला. दोन्ही धरणे पुन्हा बांधण्यात आली. मोसी नदीवर वरसगाव येथे आणखी एक धरण झाले. पानशेतच्या पाण्यास तानाजीसागर, तर वरसगावच्या पाण्यास वीर बाजी पासलकर यांचे नाव देण्यात आले. बाजी पासलकर हे मोसे खोऱ्याचेच देशमुख. ज्या खोऱ्यांनी शिवाजी महाराजांना मावळे दिले, त्या खोऱ्यांतील जमिनी पाण्याखाली गेल्या आणि मावळ्यांची नावे पाण्याला मिळाली.

स्वातंत्र्यानंतर या परिसराला साहसशिक्षणाचे नवे महत्त्व आले. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते खडकवासल्याच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली व १६ जानेवारी १९५५ रोजी संस्थेचे औपचारिक उद्घाटन झाले. भूदल, नौदल व हवाई दल या तिन्हींचे भावी अधिकारी येथे एकत्र शिकू लागले. तलावात त्यांना नौकानयन शिकविले जाते. डोंगरांत त्यांच्या दौडी व शिबिरे होतात. त्यांतील एका शिबिराला ‘तोरणा’ हे नाव आहे. नागरिकांमध्येही गिर्यारोहणाची आवड वाढली. मुंबईत १९५४ साली ‘गिरिविहार’ आणि पुण्यात १९८२ साली ‘गिरिप्रेमी’ या संस्था निघाल्या. सह्याद्रीच्या कड्यांवर शिकलेले तरुण हिमालयाकडे वळले. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. हा मान मिळविणारे ते पहिले महाराष्ट्रीय. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीच्या आठ जणांनी तेच शिखर गाठले.

या पार्श्वभूमीवर एकविसाव्या शतकाच्या आरंभी डोंगर, सायकल आणि पाणी यांची सांगड घालणारी ‘एन्ड्युरो थ्री’ ही साहसी शर्यत पुण्याच्या परिसरात सुरू झाली. २००३ पासून भरविल्या गेलेल्या या शर्यतीत तिघा-तिघांचे संघ उतरत. २०१८ मध्ये सिंहगड, राजगड व तोरणा हे तीन गड जोडणारी सुमारे ५३ किलोमीटरची डोंगरदौडही सुरू झाली. ज्या वाटांवरून एके काळी जासूद धावले, त्याच वाटांवर आता छातीवर क्रमांक लावलेले धावपटू दिसू लागले.

हे सर्व आनंदाचेच आहे. तथापि तुलनेचा मोह आवरत नाही. १९१९ च्या दौडीत शेतकऱ्यांची मुले धावली आणि शहरवासी कडेला उभे राहून पाहत होते. आजच्या शर्यतींत शहरातील सुशिक्षित धावतो. त्याची सायकल, बूट व प्रवेशशुल्क यांचा खर्च खेड्यातील तरुणाच्या आवाक्याबाहेरचा असतो. डोंगरात राहणारा तरुण वाट दाखविण्यास, सामान वाहण्यास किंवा पाणी देण्यास उभा राहतो. शंभर वर्षांत धावणारा व पाहणारा यांनी जागा बदलल्या. कोणी मुद्दाम केले म्हणून हे झाले असे नाही. खेळाची साधने महाग झाली आणि वाट आपोआप अरुंद झाली. खेळ वाढत असताना ज्यांच्या अंगी तो मुळातच होता तेच त्याबाहेर राहावेत, ही मात्र खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

आता पुन्हा यवतमाळकडे वळू. विदर्भाला व्यायामाची परंपरा नवी नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची असून, १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. यवतमाळच्या बाबतीत तर डोंगर कोणाचा या प्रश्नाला राष्ट्रीय चळवळीचे तेज आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला व कारावास पत्करला. गवतासारख्या साध्या वस्तूवर रानालगतच्या माणसाचा हक्क आहे, हा त्या सत्याग्रहाचा अर्थ होता.

उद्या पुसदच्या टेकड्यांत व इसापूरच्या पाण्यावर अशा शर्यती भरविण्याचे कोणी मनावर घेतले, तर या इतिहासातून घेण्याजोगे धडे स्पष्ट आहेत. धरणाचे पाणी वरून शांत दिसले तरी तळाशी बुडालेली झाडे, गाळ आणि एकाएकी उतरणारा जुना नदीकाठ असतो. तेव्हा जीवरक्षक जाकिटाशिवाय कोणी होडीत बसू नये, सोबत बचावाची होडी असावी आणि पुराच्या दिवसांत शर्यत ठेवूच नये. टिपेश्वर व पैनगंगा यांसारखी अभयारण्ये वन्य प्राण्यांची आहेत. शर्यतीची वाट त्यांच्या बाहेरून जावी. सर्वांत महत्त्वाचे हे की, गोंड, कोलाम, आंध व बंजारा तरुणांचे संघ पहिल्याच वर्षी प्रारंभरेषेवर उभे असावेत. त्यांना शुल्काची सूट असावी, सायकल व होडी संयोजकांनी पुरवावी आणि सरावासाठी काही महिने आधी शिक्षक द्यावा. पाण्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, अशा मच्छीमारांचा सल्ला वाट आखतानाच घ्यावा. यास मोठा खर्च लागतो असे नाही. ज्या जिमखान्याने अनवाणी शेतकऱ्यांना धावू दिले, त्याचे मैदानही लहान व खडबडीतच होते.

या सांघिक शर्यतींचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. संघातील सर्वांनी एकत्र राहावे लागते आणि संघाचा वेळ धरला जातो तो शेवटचा गडी अंतिम रेषेवर पोहोचेल तेव्हाचा. पुढे धावणाऱ्याला त्यामुळे मागे वळून पाहावे लागते, सोबत्याचे ओझे वाटून घ्यावे लागते. डोंगर आणि पाणी यांच्या या खेळाने महाराष्ट्रात पुढची वाटचाल करताना हा नियम स्पर्धेपुरता न ठेवता आपल्या साऱ्या व्यवहारास लावून घ्यावा, एवढीच अपेक्षा.