सुरतेचा किल्ला, आतून

मराठी माणसाला सुरत प्रथम भेटते ती शालेय इतिहासाच्या पुस्तकात, आणि तीही बाहेरून. धूळ उडवीत येणारे घोडदळ, भेदरलेला सुभेदार, सावकारांच्या पेढ्या. तापीच्या उत्तरेकडील कोसाडहून शहरातील जुन्या वास्तू व संग्रहालये पाहावयास निघालेल्या प्रवाशाला मात्र हीच सुरत आतून पाहावयास मिळते.

अमरोलीचा पूल ओलांडला की कतारगाम लागते. तेथील इंग्रज व डच दफनभूमी म्हणजे छपराविना संग्रहालयच होय. घुमटांची ती भव्य थडगी पाहून एखाद्या नबाबाचा भास व्हावा. परंतु त्यांतील एकात जॉर्ज ऑक्झेंडन निजला आहे. १६६४ साली इंग्रजांची वखार त्यानेच राखली. डचांकडील मोठे थडगे व्हान ऱ्हीड याचे. मलबारच्या वनस्पतींवरील त्याच्या बारा खंडांच्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात, १६७८ साली, कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र छापले गेले. नागरी छपाईचा इतका जुना नमुना देणारा गृहस्थ सुरतेच्या मातीत विसावला, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

चौक बाजारातील किल्ला हे या भेटीचे खरे स्थान. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरत पुनःपुन्हा जाळली, तेव्हा गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून खुदावंतखानाने तो बांधला. हा खान पुढे १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात पोर्तुगीजांशी लढतानाच मारला गेला. अकबराने १५७३ मध्ये व इंग्रजांनी १७५९ मध्ये किल्ला घेतला. महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून आता तेथे संग्रहालय मांडले आहे.

शिवाजी महाराजांनी मात्र तो घेतला नाही. १६६४ च्या जानेवारीत वेढ्याच्या तोफा त्यांच्यापाशी नव्हत्या, आणि सवडही नव्हती. शाइस्तेखानाने तीन वर्षे उजाड केलेल्या मुलखाची भरपाई त्यांना हवी होती. सुभेदार इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून याच तटांआड दडला. किल्ल्यावरून सुटलेल्या तोफांनी मराठ्यांपेक्षा शहराचीच हानी अधिक केली. तटाशी उभे राहिले म्हणजे हा भित्रेपणा पुस्तकात वाटतो त्याहून अधिक खुपतो. येथून शहर हाकेच्या अंतरावर आहे. बहिर्जी बोहऱ्याचा वाडा जळाला. कापुचिन पंथाच्या फादर अँब्रोझ यांच्या मठाला महाराजांनी हात लावू दिला नाही, ही नोंद फ्रेंच प्रवासी बर्निये याची. पण ज्यांची नावे कोणत्याच वखारीच्या दप्तरात आली नाहीत, त्या सामान्य घरांचे काय झाले, हे कोणतीही काचपेटी सांगत नाही.

१८९० मध्ये विंचेस्टर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने निघालेले, आज सरदार पटेलांचे नाव धारण करणारे संग्रहालय विज्ञान केंद्राच्या आवारात आहे. तेथील चिनी मातीची भांडी, जरीचे कापड व नाणी पाहिली की लुटण्याजोगे एवढे वैभव येथे आले कोठून, याचा उलगडा होतो. घाईने पाहू नये.

स्वारीच्या आदल्या दिवशी मराठी सैन्य उधना येथे येऊन ठेपले होते. त्याच उधना-लिंबायत भागात आज खानदेशातून कापड गिरण्यांत आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांची मुले सुरतेच्या पालिकेच्या मराठी शाळांत बसतात, आणि १६६४ चा धडा शिकवताना तेथील शिक्षकाला नकाशावर दोन्ही बाजूंस बोट ठेवावे लागते.