यंत्राचे आणि पंख्याचे सूत

विहिरीवर चांगली पाच अश्वशक्तीची मोटर बसवली आणि तिला जोडलेला पंप भलत्याच मापाचा निघाला, तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. मोटर तापते, वीज जळते, आणि पाटाला पाणी मात्र बोटभर. मोटर वाईट नसते, पंपही वाईट नसतो. दोघांचे सूत जुळलेले नसते, इतकेच. बोट पुढे ढकलणारा पंखा आणि तो फिरवणारे यंत्र यांचे सूत जुळायला पाऊणशे वर्षे लागली. त्या खटपटीचा इतिहास आज पाहू.

तो आजच पाहण्याला कारण आहे. 2010 नंतरच्या दशकात पाण्यावर एक नवे वाहन दिसू लागले. माणूस उभा राहील एवढी फळी, तिच्याखाली एक खांब, खांबाच्या तळाशी विमानासारखे आडवे पंख. याला हायड्रोफॉइल म्हणतात. तिथेच पाण्यात विजेची मोटर आणि तिचा फिरता पंखा. वेग आला की ती पाती फळीला पाण्याबाहेर उचलून धरतात. कित्येक हौशी कारागीर ही फळी घरीच बनवतात. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो हा : कोणत्या मोटरला कोणता पंखा लावायचा? हा प्रश्न नवा नाही.

1836 साली इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. हा गृहस्थ धंद्याने शेतकरी होता! त्याचा पंखा म्हणजे लाकडी मळसूत्रच, पुरते दोन वेढ्यांचे. 1837 साली कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग मोडून पडला. आता बोट थांबणार असे वाटले, तर ती उलट जोरात धावू लागली. लाकडात स्क्रू जितका लांब तितका घट्ट बसतो. पाण्याची गोष्ट वेगळी. जादा वेढा पाण्याशी नुसता घासत होता आणि शक्ती खात होता.

पुढची अडचण फेऱ्यांची. त्या काळची वाफेची इंजिने अवजड आणि संथ. ब्रुनेल या प्रसिद्ध इंजिनियराची ‘ग्रेट ब्रिटन’ ही लोखंडी आगबोट 1843 साली पाण्यात उतरली. तिचे इंजिन मिनिटाला अवघे 18 फेरे घेई, आणि पंख्याला हवे होते त्याच्या तिप्पट. म्हणून ब्रुनेलने मध्ये मोठे आणि लहान चाक घालून त्यांवर जाडजूड साखळ्या चढवल्या. आपल्या सायकलीत आहे तीच युक्ती. पिठाच्या गिरणीत पट्ट्याच्या दोन टोकांना लहानमोठ्या पुल्या असतात, त्याही याचसाठी.

पन्नास वर्षांनी गाडे अगदी उलट फिरले. चार्ल्स पार्सन्स याने वाफेचे टर्बाइन काढले, आणि 1894 साली ते ‘टर्बिनिया’ नावाच्या बोटीत बसवले. टर्बाइन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेणारे. बोट तासाला तीसच्या वर सागरी मैल धावेल अशी आशा होती. पंख्यामागून पंखे बदलले, पण ती विसापर्यंतही पोचेना. नवे यंत्र फुकट गेले असे म्हणायची वेळ आली होती.

इथे पार्सन्सने जे केले ते शिक्षकमंडळींनी मुलांना अवश्य सांगावे. त्याने टर्बाइनला दोष देण्याआधी मोजमाप केले. पंख्याच्या दांड्यापर्यंत किती शक्ती पोचते ते तपासले. शक्ती पुरेपूर पोचत होती. ती हरवत होती पंख्यापाशी. मग 1895 साली त्याने पाण्याची एक लहानशी टाकी केली, तीत दोन इंची पंखा फिरवला, आणि फेऱ्यांच्या तालावर उघडझाप करणाऱ्या प्रकाशात तो न्याहाळला. पात्यांच्या पाठीवर बुडबुडे धरत होते. दाब कमी झाला की पाणी कमी उष्णतेलाही उकळते. म्हणून तर उंच डोंगरावर डाळ शिजता शिजत नाही. पाते फार जोराने फिरले की त्याच्या पाठीमागचा दाब इतका उतरतो की गार पाण्याचीसुद्धा वाफ होते. पंखा मग पाणी न ढकलता पोकळीतच फिरतो. चिखलात रुतलेल्या मोटारीचे चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही, तसेच ते.

उपाय म्हणून पार्सन्सने एकाऐवजी तीन टर्बाइने, तीन दांडे आणि प्रत्येक दांड्यावर तीन, असे नऊ पंखे बसवले. भार वाटला गेला. 26 जून 1897 रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षे झाल्याबद्दल स्पिटहेडच्या समुद्रात आरमार मांडले होते. त्या रांगांमधून ‘टर्बिनिया’ 34 सागरी मैलांच्या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे 63 किलोमीटरने, सणसणत गेली. पाठलाग करणाऱ्या बोटींच्या ती हाती लागली नाही.

तरीही नऊ पंखे ही तडजोडच होती. खरी जुळणी पार्सन्सनेच 1909-10 च्या सुमारास ‘व्हेस्पेशियन’ या जुन्या मालवाहू बोटीवर करून दाखवली. टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये त्याने दातेरी चाके घातली. टर्बाइनचे वीस फेरे होत तेव्हा पंख्याचा एक होई. टर्बाइन आपल्या चालीने, पंखा आपल्या चालीने. ब्रुनेलने वेग वाढवण्यासाठी चाके घातली, पार्सन्सने कमी करण्यासाठी. तत्त्व एकच.

आता त्या फळीकडे परत येऊ. पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकायला हवा, त्या अंतराला पिच म्हणतात. समजा, पिच 15 सेंटिमीटर आहे आणि पंखा मिनिटाला 4,000 फेरे घेतो. हिशेबाने वेग होतो ताशी 36 किलोमीटर. पण पाणी मागे सरकते, म्हणून पाचवा हिस्सा वजा धरा. उरले सुमारे 29. आता मोटर पाहा. व्होल्टला 400 फेरे देणारी मोटर 50 व्होल्टच्या बॅटरीवर मोकळी फिरली तर 20,000 फेरे घेते. भाराखाली 16,000 धरले, तरी पंख्याला हवे त्याच्या चौपट. ती थेट जोडली तर ‘टर्बिनिया’चीच कथा पुन्हा. मग एकतर चारास एक असे गिअर घालावेत, नाहीतर व्होल्टला 100 च्या आसपास फेरे देणारी मोटर घ्यावी.

शिवाय फळी पाण्यातून उठताना सर्वांत जास्त जोर लागतो; उठल्यावर ओढ बरीच कमी होते. चिखलातून गाडी काढताना बैलांना जोर लावावा लागतो, सडकेवर ती सहज चालते. पिच फार मोठे ठेवले तर उठतानाच मोटर गुदमरते, विजेचा प्रवाह वाढतो आणि तारांची वेटोळी जळतात. फार लहान ठेवले तर फळी उठते, पण वेग येत नाही. लहान पंखा घाईने फिरवण्यापेक्षा मोठा पंखा संथपणे फिरवणे बहुधा किफायतीचे. तो पुष्कळ पाणी हळू ढकलतो. मात्र खांबाच्या तळाशी जागा बेताची, म्हणून तिथेही मध्य गाठावा लागतो. आणि उघडा पंखा पायाची बोटे ओळखत नाही. त्याला भोवती कडे हवेच.

काम अडले की आपण आधी जास्त शक्तीचे यंत्र शोधतो. स्मिथचे मळसूत्र मोडल्यावर बोट धावली, आणि पार्सन्सची बोट शक्ती असूनही अडली. तेव्हा नवी मोटर विकत घेण्याआधी जुनीचे फेरे मोजा, आणि शक्ती कुठे हरवते ते पाहा. विहिरीवरच्या पंपालाही हाच नियम लागू आहे.