काशीनरेशांची विहीर

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो नावाचं छोटं गाव आहे. तिथे रस्त्यालगत ओतीव लोखंडाच्या खांबांवर पेललेला घुमट दिसतो. त्याखाली रहाट, रहाटावर सोनेरी हत्ती. संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीतली ही विहीर दिली काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी.

या दानाची सुरुवात तिथल्या जमिनीपासून होते. चिल्टर्नच्या पोटात खडूचा सच्छिद्र खडक आहे. पाऊस पडतो, पण पाणी झिरपून फार खोल जातं. टेकडीवरची गावं डबक्यांवर आणि मातीच्या खड्ड्यांत साठलेल्या पाण्यावर दिवस काढत. कोरड्या उन्हाळ्यात तेही आटे.

एडवर्ड अँडरडन रीड हे शेजारच्या इप्सडेनच्या घराण्यातले. कंपनी सरकारच्या नोकरीत ते उत्तर भारतात आले आणि १८३१ मध्ये आझमगढला त्यांनी लोकांसाठी विहीर खणवली. महाराजांशी स्नेह जुळल्यावर त्यांनी आपल्या मुलखाची हकीकत सांगितली : घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका आईने पोराला झोडपलं होतं. १८५७ मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, त्यामुळे या मैत्रीला राजकारणाची पार्श्वभूमी आहेच. पण तहानलेल्या पोराची गोष्ट ऐकून त्यांना सुचलं ते आपल्याकडचं पिढ्यान्‌पिढ्यांचं पुण्यकर्म : विहीर खणून देणं.

१० मार्च १८६३ रोजी काम सुरू झालं. विहिरीची रुंदी अवघी ४ फूट, खोली ३६८ फूट, आणि सगळं खोदकाम हातांनी. एवढ्या अरुंद, अंधाऱ्या नळीत उतरून खडक फोडणाऱ्या मजुरांचं धैर्य या दानाइतकंच मोलाचं आहे. २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर गावासाठी खुली झाली. रहाटाची यंत्रणा जवळच्याच वॉलिंगफर्डच्या कारखान्यातली. पाणी सर्वांना फुकट. राखणदारासाठी अष्टकोनी घर बांधलं आणि देखभालीचा खर्च निघावा म्हणून चेरीची बाग लावली. दान टिकावं याची तजवीज दानातच होती.

पुढे गावात नळ आले आणि रहाट थांबला. त्यानंतरही गावाने ही वास्तू सांभाळली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साम्राज्याच्या काळात संपत्ती भारतातून इंग्लंडकडे गेली ती बहुतांशी ओरबाडून. या एका खेड्यात मात्र भारतातून आलेलं पाणी स्वखुशीने दिलेलं होतं, आणि घुमटावर कोरलेल्या अक्षरांत देणाऱ्याचं ऋण उघडपणे नोंदवलेलं आहे.