अकरा पोस्टकार्डं ते एपीके फाईल : कचरापत्रांचा इतिहास आणि आपलं नाव असलेली यादी

"तुमच्या गाडीचं चलन निघालंय, खालची फाईल उघडा." "बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल." "लग्नाला नक्की या, पत्रिका सोबत जोडली आहे."

असले मेसेज आणि मेल न आलेला माणूस आता मालवण-कुडाळात शोधून सापडायचा नाही. विषय निघाला की कट्ट्यावर कुणीतरी म्हणतोच, "ह्या इंटरनेट इला आणि सगळा बिघाडला."

मला हे पटत नाही. नको असलेली पत्रं, खोटी आमिषं आणि खोटी भीती हे सगळं आपल्या दारात आधी पोस्टमननं आणून टाकलंय. बदललंय ते वेगळंच. ते काय, हे समजायला थोडं मागे जाऊया.

भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर पोस्टाकडे आली. या दोन गोष्टींवर कोकणातली घरं अक्षरशः तगली. घो मुंबईला गिरणीत, बायको-पोरं आणि म्हातारी माणसं गावात. महिन्याच्या मनीऑर्डरीवर चूल पेटायची. कुणाला किती पैसे आले, कुणाचे दोन महिने आलेच नाहीत, कुणाचा मुलगा कुठल्या चाळीत राहतो, हे पोस्टमनला ठाऊक असायचं. पोस्टकार्ड तर उघडंच. बऱ्याच घरांत ते वाचूनही तोच दाखवायचा.

म्हणजे खासगी माहिती तेव्हाही दुसऱ्याच्या हातात होतीच. पण तो 'दुसरा' ओळखीचा होता आणि कायद्याने बांधलेला होता. १८९८ च्या पोस्ट कायद्यात टपाल बेकायदा उघडणाऱ्या पोस्टाच्या माणसाला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. शिवाय त्या माहितीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळ्या गावच्या मनीऑर्डरींची यादी करून विकायची म्हटली, तर घेणार कोण?

आता कचऱ्याकडे येऊ. चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांना देवाच्या नावाची पत्रं आठवत असतील. 'या पत्राच्या अकरा प्रती काढून अकरा जणांना पाठवा. एकाने पाठवल्या, त्याला धन सापडलं. एकाने पत्र फाडलं, त्याचा मुलगा आजारी पडला.' कधी संतोषी माता, कधी साईबाबा, कधी तिरुपती. कधी पोस्टकार्ड, कधी छापलेलं हँडबिल. लोक घाबरून स्वतःच्या खर्चाने लिहायचे. लोभ, भीती आणि घाई, तिन्ही त्यात होतं. आजचा 'रात्री साडेनऊ'वाला मेसेज याच कुळातला.

दुसरा प्रकार व्हीपीपीचा. 'चित्रातला चेहरा ओळखा आणि रेडिओ मिळवा' अशा जाहिराती यायच्या. उत्तर पाठवलं की बक्षीस लागायचंच. मग पार्सल यायचं, पैसे भरून सोडवायचं आणि आत भलतंच निघायचं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातलं कतरीसराय हे गाव पोस्टातून चालणाऱ्या अशा धंद्यांसाठी बदनाम झालं. पांढऱ्या डागांवरच्या औषधाच्या जाहिराती, मग बक्षिसं. पुढे त्याच कतरीसरायचं नाव सायबर फसवणुकीच्या बातम्यांत यायला लागलं. धंदा तोच राहिला, पोस्टाच्या जागी मोबाईल आला.

आता जरा परदेशात जाऊ, कारण ई-मेलमधल्या कचऱ्याची सुरुवात तिथली आहे. ३ मे १९७८. अमेरिकेत तेव्हा अर्पानेट नावाचं मोजक्या विद्यापीठांचं आणि सरकारी संस्थांचं नेटवर्क होतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत मार्केटिंगला असलेल्या गॅरी थर्कने कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरची जाहिरात एका झटक्यात सुमारे ४०० जणांना पाठवली. कुणी मागितलेली नसताना. तक्रारी झाल्या, समज मिळाली. जगातला पहिला स्पॅम म्हणून हाच मेल ओळखला जातो.

यातली महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. थर्कला ४०० पत्ते मिळाले कुठून? अर्पानेट वापरणाऱ्यांची छापील डिरेक्टरी होती. त्यातून उतरवून घेतले. डिरेक्टरी बनवली होती लोकांनी एकमेकांशी कामाचं बोलावं म्हणून. वापरली गेली माल खपवायला.

माझ्या मते कचरापत्रांचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आहे. पत्र कुठलंही असो, त्याच्या मागे एक यादी असते. पोस्टकार्डाच्या जमान्यात यादी बनवायला वेळ लागायचा आणि प्रत्येक पत्राला पैसे पडायचे. ई-मेलने पाठवणाऱ्याचा खर्च जवळजवळ संपवला. दहा लाख मेल पाठवले आणि दहाच माणसं फसली, तरी नफाच. म्हणून यादीला भाव आला. आणि यादीत नाव-नंबरासोबत जन्मतारीख, बँक, आधार असेल तर भाव आणखी वर.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. आयटी कायदा लागू झाला १७ ऑक्टोबर २००० ला. त्यात स्पॅमबद्दल काही नव्हतं. २००८ च्या दुरुस्तीत कलम ६६-अ आलं. त्रास देणारे किंवा पाठवणारा कोण याबद्दल दिशाभूल करणारे ई-मेल हा गुन्हा, असं त्याच्या एका पोटकलमात होतं. पण हे कलम स्पॅमवाल्यांपेक्षा बोलणाऱ्यांवर चाललं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये दोन मुलींना अटक झाली, त्यातही हे कलम लागलं. देशभर गदारोळ झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ६६-अ रद्द केलं. योग्यच झालं. पण स्पॅमच्या जवळ जाणारी ती ओळही त्यासोबत गेली, आणि ई-मेल स्पॅमसाठी वेगळा कायदा आजही आपल्याकडे नाही. तोतयेगिरी करून फसवल्यास ६६-ड आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पण ते फसल्यानंतरचं.

आता एक कोकणातली गोष्ट. देशाला पिनकोड दिला तो आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. मालवणचा ४१६६०६. हा पिन सगळ्यांना सांगायचा, नाहीतर पत्र पोचणार कसं? पुढे एटीएम आलं आणि दुसरा पिन आला. तो कुणालाच सांगायचा नाही. एक उघडा, एक झाकलेला. इथपर्यंत लोकांना समजलं.

घोळ झाला तिसऱ्या प्रकाराचा. मोबाईल नंबर, जन्मतारीख, आधार. हे पूर्ण उघडंही नाही आणि पूर्ण झाकलेलंही नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर काही वर्षांतच 'आधारची झेरॉक्स द्या' हे वाक्य सगळीकडे ऐकू यायला लागलं. सिमकार्ड, गॅस, भाड्याची खोली. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितलं की झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. लोकांनी काय समजायचं?

आणि इथे मला आपल्या किनाऱ्याबद्दल बोलायचंय. तारकर्ली, देवबाग, चिवला, वायरी. होमस्टे आणि स्कुबाच्या बुकिंगला आपण पर्यटकांकडून आधारचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवतो. पाहुण्यांची ओळख तपासायला हवी, हे बरोबर. पण ते फोटो नंतर कुठे जातात? मालकाच्या फोनमध्ये, पोराच्या फोनमध्ये, बुकिंग आणणाऱ्या एजंटच्या फोनमध्ये. सीझनअखेर तोच जुना फोन दुकानात विकला जातो. पुण्या-बेळगावच्या शेकडो कुटुंबांची यादी त्याच्यासोबत गेली. म्हणजे आपण नुसते कचरापत्रं घेणारे राहिलेलो नाही. आपणही डिरेक्टरी सांभाळणारे झालोय.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. माहिती सांभाळणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंड २५० कोटींपर्यंत आहे. तो मोठ्या कंपन्यांना डोळ्यासमोर ठेवून आहे हे खरं, पण कामापुरतीच माहिती घ्या आणि काम संपलं की पुसा, हे तत्त्व चार खोल्यांच्या होमस्टेलाही समजायला जड नाही.

म्हणून चार गोष्टी.

१. आधार द्यायचंच असेल तर 'मास्क्ड' आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या वेबसाईटवरून फुकट उतरवता येतं.

२. अनोळखी मेलला "पाठवू नका" असंही उत्तर देऊ नका. उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्याला कळतं. 'स्पॅम' म्हणून खूण करा आणि सोडून द्या. खरेदी आणि लकी ड्रॉसाठी वेगळा ई-मेल ठेवा, बँकेसाठी वेगळा.

३. चलन असो की लग्नपत्रिका, शेवटी 'एपीके' लिहिलेली फाईल उघडायची नाही. आपल्या लग्नपत्रिका अजून हळदकुंकू लावून घरी येतात.

४. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या तासात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनो, पूर्वी तुमची मनीऑर्डर पोस्टमन हातात द्यायचा. आता पैसे थेट आई-बाबांच्या खात्यात येतात आणि तो ओळखीचा माणूस मधून गेलाय. त्यांच्या फोनवर काय काय येतं, हे गणपतीला आलात की एकदा शेजारी बसून बघा.

पोस्ट पटली तर पुढे पाठवा. अकरा जणांनाच पाठवायला हवी असं नाही. नाही पाठवलीत तरी कुणी आजारी पडणार नाही.