१ जुलै ते ३० जून : उपनगरांतील सेवाक्लबांच्या कामाची मीमांसा

जून संपत आला की मुंबईच्या उपनगरांतल्या सभागृहांत पदग्रहण सोहळे सुरू होतात. मावळता अध्यक्ष गळ्यातली पट्टी उतरवून नव्याच्या गळ्यात घालतो, पितळी घंटेवर हातोडी पडते आणि नावाआधी ‘रो.’ (रोटेरियन) किंवा ‘ला.’ (लायन) लावणाऱ्यांच्या यादीचा सत्कार आटोपेपर्यंत जेवण निवते. या सोहळ्याची थट्टा पुष्कळ होते, पण सेवाक्लब नावाच्या संस्थेची सगळी शरीररचना त्यात उघडी पडलेली असते. म्हणून विवेचन तिथूनच सुरू करणे सोयीचे.

सेवाक्लब म्हणजे निमंत्रणाने सभासद होणाऱ्या, स्वतःच्या खिशातून वर्गणी भरणाऱ्या, ठरल्या दिवशी भेटणाऱ्या, दरवर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या आणि सभासदांबाहेरच्या माणसांसाठी काम करणाऱ्या नागरिकांचा गट. व्याख्येचे शेवटचे कलम सर्वांना दिसते. क्लब कोणते काम करील आणि कोणते अर्धवट सोडील हे मात्र त्याआधीचे कलम ठरवते, ते म्हणजे दरवर्षी बदलणारे पदाधिकारी.

हे कलम मुळातलेच आहे. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पहिली बैठक घेतली. पुढच्या बैठका सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीने भरू लागल्या आणि त्या आळीपाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव आले. जागा फिरती तसे पदही फिरते. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स या विमा-व्यावसायिकाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या लायन्सनेही हाच वार्षिक फेरा स्वीकारला. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये आली. लायन्स १९५६ मध्ये भारतात आले, तेही मुंबईमार्गेच. नाना चुडासमांनी १९७२ मध्ये जायंट्स ही चळवळ मुंबईतच सुरू केली. पुढे गावठाणे आणि चाळी मागे पडून इमारतींची वस्ती वाढली, आणि अंधेरी-बोरिवली, घाटकोपर-मुलुंड या पट्ट्यांत क्लबांची संख्याही वाढली. आरंभीच्या रोटरीत एका व्यवसायाचा एकच सभासद घेण्याचा दंडक होता. त्याची सावली अजून दिसते. एका टेबलाभोवती नेत्रतज्ज्ञ, सनदी लेखापाल, वास्तुरचनाकार, सराफ आणि शाळेची मुख्याध्यापिका बसलेली असतात. मुलुंड-घाटकोपरच्या बैठकीत इंग्रजीत सुरू झालेले वाक्य गुजरातीतून वळसा घेऊन मराठीत संपते. इतकी वेगवेगळी कौशल्ये एका फोनवर जमा करणारी दुसरी व्यवस्था उपनगरात क्वचितच असेल.

आता मुद्दा. कोणत्याही सेवेला दोन मुदती असतात, एक ती करण्याची आणि दुसरी तिची गरज टिकण्याची. रोटरी वा लायन्स क्लबचे वर्ष १ जुलैला उजाडते आणि ३० जूनला मावळते, त्यामुळे त्याची स्मृती बारा महिन्यांची. गरज त्याच्या आत मावत असेल तर क्लब सरकारी यंत्रणेपेक्षा चपळ ठरतो. गरज त्याहून लांब असेल तर पुढची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न उभा राहतो. क्लबांच्या कामांचे वर्गीकरण सहसा आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा विषयांनी होते. अहवाल छापायला ते बरे. काम का साधते आणि का फसते हे मात्र मुदतींनीच कळते.

सर्वांत सोपे उदाहरण वृक्षारोपणाचे. नवा अध्यक्ष आणि पाऊस एकाच सुमारास येतात, म्हणून वर्षाचा पहिला उपक्रम बहुधा हाच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आरेच्या रस्त्यालगत किंवा पालिकेच्या मैदानात खड्डे तयार असतात, रोपे येतात, छायाचित्रे निघतात. पुढचे चार महिने रोपाला क्लबची गरज नसते, पाऊसच ते सांभाळतो. त्याची परीक्षा मार्च ते मे या काळात होते. तेव्हा अध्यक्ष वर्षअखेरचा अहवाल लिहीत असतो आणि त्यात लावलेल्या रोपांचा आकडा असतो, जगलेल्यांचा नसतो. रोपाला निदान दोन-तीन उन्हाळे पाणी लागते. म्हणजे एका अध्यक्षाच्या झाडाला पाणी घालणे हे पुढच्या दोघांचे काम. त्या दोघांना मात्र स्वतःची झाडे लावायची असतात.

रक्तदान शिबिराचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे, आणि उपनगरी क्लबांचा बराच वेळ त्यावर जात असल्याने ते नीट मांडायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त घेणे बंद झाले. त्यानंतर रक्तपेढ्यांची भिस्त एकीकडे रुग्णाच्या नातलगांवर आणि दुसरीकडे शिबिरांवर राहिली. यात क्लबांचे काम मोलाचे आहे. सभागृह, खाटा, चहा-बिस्किटे, स्वयंसेवक आणि मुख्य म्हणजे सोसायटीतल्या लोकांना खाली उतरवण्याची चिकाटी हे सगळे क्लब पुरवतो. रक्तपेढीचे पथक डॉक्टर, तंत्रज्ञ आणि पिशव्या घेऊन येते. एका दात्याकडून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. त्यासाठी वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. शेवटच्या अटीवर किती स्त्रिया परत फिरतात हे शिबिराच्या टेबलाशी तासभर बसलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता दिनदर्शिका पाहा. शिबिरे स्वातंत्र्यदिन, गांधीजयंती, प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांना चिकटलेली असतात, कारण त्या दिवशी सुट्टी असते किंवा पाहुणा मिळतो, आणि बातमी होते. रक्त मात्र सुट्टी पाळत नाही. १५ ऑगस्टला घेतलेल्या रक्तातल्या प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात, म्हणजे २० ऑगस्टला त्या संपल्या. डेंग्यूचे रुग्ण तर पुढे ऑक्टोबरपर्यंत येत राहतात. संपूर्ण रक्त नेहमीच्या द्रावणात ३५ दिवस टिकते, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत. वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस, म्हणजे फार तर सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत.

टंचाईचा अर्धा भाग एवढाच. उरलेला अर्धा दात्याच्या शरीरात असतो. पुरुषाने एकदा रक्त दिले की तीन महिने आणि स्त्रीने दिले की चार महिने पुन्हा देता येत नाही. १५ ऑगस्टचा पुरुष दाता नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बाद, स्त्री दाता डिसेंबरच्या मध्यापर्यंत. २ ऑक्टोबरचा पुरुष दाता थेट जानेवारीत मोकळा होतो. दिवाळी बहुतेक वर्षी याच फटीत येते. गावी गेलेले लोक, बंद महाविद्यालये आणि फराळ ही दिवाळीतल्या टंचाईची नेहमीची कारणे खरीच आहेत. पण जे घरी आहेत त्यांतले कितीतरी जण नुकतेच रक्त देऊन बसलेले असतात, आणि त्यांना तसे बसवलेले असते शिबिरांच्या गर्दीनेच. मे महिन्यातही असेच घडते. १ मेच्या शिबिराचे दाते ऑगस्टपर्यंत बाद, आणि उरलेले कोकणात. अशा वेळी राजावाडी किंवा कूपर रुग्णालयाच्या आवारात नातलग दाता शोधत फिरतो, तेव्हा त्याच्या विभागात काही आठवड्यांपूर्वीच एकाच रविवारी तीन शिबिरे झालेली असण्याची शक्यता बरीच असते.

थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि तेही वर्षानुवर्षे. त्याच्या गरजेला सण नाही, म्हणून त्याला शिबिरापेक्षा यादी जास्त उपयोगी. कोणत्या दात्याने कधी दिले, त्याचा गट कोणता, त्याला आता कधी फोन करायचा, हे सांगणारी यादी. ती बहुतेक क्लबांत असते, पण चिटणिसाच्या संगणकात असते, आणि चिटणीस दरवर्षी बदलतो.

नेत्रशिबिराचा इतिहास थोडा उजवा आहे. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधांच्या मदतीचे आवाहन केले, तेव्हापासून दृष्टी हे त्या संघटनेचे हक्काचे क्षेत्र झाले. पूर्वी शाळेच्या वर्गात पडदे लावून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. जंतुसंसर्गाने डोळे गेल्याच्या घटनांनंतर ती पद्धत सोडावी लागली. आता शिबिरात फक्त तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात. या बदलाचा एक फायदा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. रुग्णाचा कागद क्लबकडून रुग्णालयाकडे गेला, आणि रुग्णालय ३० जूनला विसरत नाही. शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर काढायचा असतो, त्यासाठी रुग्णाला बोलावणारे कोणीतरी तिथे असते.

डायलिसिसच्या यंत्राबद्दल थोडक्यात. यंत्र देणे हे एका वर्षाचे काम, चालवणे कायमचे. रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास यंत्राशी बसावे लागते. तंत्रज्ञाचा पगार, शुद्ध केलेले पाणी, दर वेळचे साहित्य हा खर्च थांबत नाही. देणगीदाराचे नाव मात्र यंत्रावर कोरता येते, तंत्रज्ञाच्या पगारावर कोरता येत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा पैसा क्लबांकडेही येऊ लागला. त्याचा हिशेब आर्थिक वर्षाचा असल्याने कल वस्तू घेण्याकडे राहिला. म्हणजे क्लबचे विसरणे जुलैत आणि कंपनीचे एप्रिलमध्ये. रोटरी फाउंडेशनने मात्र येथे शहाणपण दाखवले आहे. तिच्या वार्षिक निधीत आज दिलेल्या देणगीतला मोठा वाटा तीन वर्षांनी रोटरीच्या ‘जिल्ह्या’कडे, म्हणजे त्या भागातल्या क्लबांच्या गटाकडे, कामासाठी परत येतो. मोठ्या जागतिक अनुदानासाठी किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प लागतो, आणि तो आपल्यामागे कसा टिकेल हे आधी लिहून द्यावे लागते. ज्या अध्यक्षाच्या काळात देणगी जमली, त्याला ती खर्च करण्याचा मान मिळत नाही. मला ही तरतूद साऱ्या रोटरी व्यवस्थेतली सर्वांत हुशार वाटते.

मग बारा महिन्यांच्या स्मृतीने दीर्घ काम होतच नाही का? होते, आणि त्याचा सज्जड पुरावा पोलिओ आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ प्लस कार्यक्रम हाती घेतला. भारतात १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. भारतातला वन्य पोलिओ-विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या जवळजवळ वीस वर्षांत अंधेरी स्थानकाबाहेर, घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्त्यांत, मुलुंडच्या चाळींत बूथवर बसलेल्या सभासदांची पिढी बदलली. एकेका क्लबने अध्यक्षांमागून अध्यक्ष तेच काम केले, तेही न कंटाळता. हे साधले कारण आठवण ठेवणारे दुसरे होते. महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर जात. सगळी मुले भेटली तर दारावर ‘पी’, एखादे राहिले तर ‘एक्स’ लिहीत आणि ‘एक्स’च्या घरी पुन्हा जात. करंगळीवर शाई, भिंतीवर खडू, नोंदवहीत नाव. क्लबने माणसे, सरबत, फलक, टोप्या आणि उत्साह दिला, आणि चिकाटीची नोंद पालिकेने ठेवली. या वाटणीत क्लबचे विसरणे कोणाला बाधले नाही.

याच्या अगदी उलट रचना उपनगरातच आहे. पार्ल्याचे टिळक मंदिर म्हणून ओळखला जाणारा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून चालला आहे. त्याच्याकडे इमारत आहे, ग्रंथालय आहे, आणि वाचक दरवर्षी बदलत नाहीत. कार्यकर्ता आला-गेला तरी पुस्तकाचे कार्ड जागेवर असते. १९७५ मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत आणखी वेगळी. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, मागणी नोंदवायची आणि आलेला माल आपसांत वाटून घ्यायचा. इथे सेवा करणारा आणि घेणारा एकच, त्यामुळे विसरायची सोयच नाही. या महिन्यात डाळ मोजायला गेला नाहीत तर तुमच्याच घरात डाळ नाही. सेवाक्लबला ही शिस्त नसते, कारण त्याचे लाभार्थी दुसऱ्या वस्तीत राहतात. याचा दुसरा अर्थ असा की क्लब जिथे जातो तिथे ग्राहक पंचायत कधी पोचली नसती.

काही क्लबांनी मधला मार्ग काढला आहे. क्लबशेजारी सार्वजनिक न्यास नोंदवायचा. देणगीदाराला करसवलत मिळावी हे त्याचे उघड कारण. विश्वस्त दरवर्षी बदलत नाहीत, ही जमेची बाब नकळत पदरात पडते. अशा न्यासांत माजी अध्यक्ष असतात, क्लबच्या भाषेत ‘पीपी’. बैठकीत त्यांची लांबणारी भाषणे तरुण सभासदांना छळतात. पण क्लबची बारा महिन्यांपलीकडची आठवण बहुधा त्यांच्याच डोक्यात असते.

आणि एक काम असे आहे की ज्याची रचना क्लबच्या वर्षाला चपखल बसते. उपनगरी क्लब शहापूर, जव्हार, वाड्याकडे वनराई बंधारे बांधायला जातात. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेवरून हे नाव रूढ झाले. पावसाळा सरता सरता, ओढा वाहता असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून आडव्या रचायच्या. सकाळी गाडीने गेलेले वीस-पंचवीस सभासद गावकऱ्यांबरोबर दुपारपर्यंत बांध घालतात. पाणी काही महिने अडते, विहिरीला आधार होतो, भाजीचे एक पीक निघते. पुढच्या पावसाळ्यात बांध वाहून जातो. पुढच्या वर्षी नवा अध्यक्ष, नव्या गोण्या. फक्त तोच ओढा पुन्हा सापडला पाहिजे, आणि तो गावकऱ्यांना ठाऊक असतो.

पदग्रहणाच्या रात्री सभागृह रिकामे होताना जुना चिटणीस नव्याच्या हाती एक पिशवी देतो. तिच्यात घंटा, हातोडी, फलक, शिक्का, लेटरहेड, धनादेशांचे पुस्तक असते. कधी एखादी जाड वही असते, त्यात दात्यांची नावे, रक्तगट, फोन आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख. असली तर ती सर्वांत खाली असते, आणि तिच्यावर शाली व नारळ ठेवलेले असतात.