पंचगंगेचे पाणी आणि माशांची चव

कुरुंदवाडानजीक पंचगंगा कृष्णेस मिळते. या संगमावर आम्हां भोई ज्ञातिबांधवांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू झाला. पुढे नदीकाठी साखर कारखाने निघाले. रंगाचे व मळीमिश्रित पाणी, तसेच शहरांचे सांडपाणी पात्रात येऊ लागले. मळी कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. तेरवाड बंधाऱ्यात मृत माशांचे खच अलीकडे अनेक उन्हाळ्यांत पडले. जे मासे जगतात, त्यांच्या कल्ल्यांवाटे दुर्गंधी द्रव्ये शिरून चरबीत साठतात. म्हणूनच कितीही धुतले, मसाला घातला, तरी वास जात नाही. गिऱ्हाईक मात्र आमच्या टोपलीस नावे ठेवते. दोष टोपलीचा नव्हे, पाण्याचा होय, हे आपण एकमुखाने सांगितले पाहिजे.