मशीन चुकतंय असं वाटलं तर कोणाला सांगायचं?

घरातल्या शुगरच्या मशीनवर आकड्याऐवजी ‘एरर’ दिसलं, तर तुम्ही काय करता? बरेच जण ‘आपल्यालाच जमत नसेल’ म्हणून मशीन कपाटात ठेवून देतात. पण पेशंटचं म्हणणं ऐकलं नाही तर काय होतं, ते थेरॅक-२५ च्या इतिहासात दिसतं.

थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं, कॅन्सरवर किरणोपचार देणारं मशीन. त्याची सुरक्षितता बरीचशी सॉफ्टवेअरवर सोडलेली होती. जून १९८५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात एका बाईंना उपचार चालू असतानाच भाजल्यासारखं झालं. त्यांनी ते लगेच सांगितलं. उत्तर मिळालं, ‘असं होणं शक्यच नाही.’ मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर शहरात एका पेशंटला विजेचा झटका बसल्यासारखं झालं. पडद्यावर आलं होतं फक्त ‘मालफंक्शन ५४’. त्याचा अर्थ मशीन चालवणाऱ्या बाईंनाही माहीत नव्हता. तपासणीत दोष सापडला नाही, मशीन पुन्हा सुरू झालं आणि एप्रिलमध्ये तिथेच आणखी एकाला तसाच त्रास झाला.

तेव्हा तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने त्या बाईंना सोबत घेऊन, त्यांनी कोणती बटणं किती वेगाने दाबली होती, ते पुन्हापुन्हा करून पाहिलं. आधीची नोंद पटकन दुरुस्त केली की सॉफ्टवेअर गोंधळत होतं! १९८७ पर्यंत असे सहा अपघात उघड झाले. त्यातले काही पेशंट दगावले.

आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. पुढे पेशंटसाठी वेगळा सोपा फॉर्म आला, तो मराठीतही आहे. २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठीही अशीच व्यवस्था आहे. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. शेणव्यातून फोन केलात तरी पैसे पडत नाहीत.

सांगताना तांत्रिक शब्द लागत नाहीत. एवढं सांगा:

- तुम्ही काय करत होतात?
- काय व्हायला हवं होतं?
- प्रत्यक्षात काय झालं, आणि कधी?

पडद्याचा फोटो काढा, मशीन आणि खोकं जपून ठेवा. त्रास होत असेल तर मात्र आधी दवाखान्यात या, तक्रार नंतर करता येईल.